देवाचं मीठ, घरचं मीठ

एका निवृत्त कंपाउंडरने देवाचं नाव पुढे करून आजारी माणसांना फसवलं. आणि एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी औषधालयातला भरलेला माल रिकामा म्हणून भंगारात काढला आणि आम्हा सगळ्यांना फसवलं. पहिला तुरुंगात गेला. दुसऱ्यांना आजवर कोणी साधा जाबही विचारलेला नाही.

ती घटना आठवायला मला कुठली तारीख लागत नाही. ताटात मीठ वाढलं की ती आठवते, म्हणजे रोज दोन वेळा. नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही. ज्यांचं भलं झालं त्यांना नाव नको आहे, आणि ज्यांचं नाव लिहावं असं मला फार वाटतं, त्यांच्याकडे वकील आहेत.

तेव्हा मी राहुरीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. माझं अर्धं शिक्षण शाळेत झालं, अर्धं आठवडे बाजारात. आई भाजी विकायची, मी तागडी धरायचो. त्यामुळे अंगावर वर्दी आली तरी बाजारातून जाताना भाव केल्याशिवाय मला चैन पडत नसे. ठाण्याच्या कोपऱ्यावर एक मावशी लिंबं घेऊन बसायच्या. आमची दर बाजारी भांडणं.

"मावशी, ही लिंबं आहेत का गोट्या? रस कुठाय?"

"रस काढाया जोर लागतो साहेब. खुर्चीत बसून जोर ऱ्हात न्हाई."

एका बाजारच्या दिवशी त्यांची जागा रिकामी दिसली. मावशी ठाण्याच्या पायरीवर बसल्या होत्या, आणि आमचा ठाणे अंमलदार त्यांना उठवत होता. मी म्हटलं, "काय मावशी, आज लिंबं घरपोच का?"

त्या हसल्या नाहीत. "लिंबं न्हाई आणली. माझ्या लेकीला तिकडं काय तरी खाऊ घालत्यात. येत्या रविवारी भावकीची बैठक हाय. तिला माझ्या दारात आणून सोडनार आन् नात ठेवून घेनार. म्हनं आई येडी, तिच्यापाशी लेकरू कसं ठेवायचं."

आत बसवून सगळं ऐकलं. लेकीला वर्षभरापूर्वी मुलगी झाली. बाळंतपणानंतर झोप उडाली, रडायला लागली, कधी ओरडायची. असं बऱ्याच बायकांचं होतं आणि इलाजाने बरंही होतं. पण सासरच्यांनी दवाखान्याऐवजी एका बुवाचं ठिकाण गाठलं. शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या बरंच अलीकडे, शेताच्या कडेला पत्र्याची शेड. तिथे तीर्थ मिळायचं. तीर्थाने ओरडणं थांबलं, पण हळूहळू बोलणंही थांबलं. लेक चालताना तोल जायची, लेकराचं नाव विसरायची. तोंडावर मोठाले फोड आले. बुवा म्हणाला, आतली बाधा बाहेर पडते आहे.

"पन साहेब," मावशी म्हणाल्या, "मधी पंधरवडाभर माझ्याकडं आणली हुती. तीर्थ ती बराबर घेत हुती हां, बाटली संगंच हुती. तरी मानसात आली. लेकीला घेऊन बसली, गानं म्हनली. मग मला सांगा, तिकडं गेली की पुन्ना ढेकळावानी का व्हती? सासू घालतीया काय तरी."

सासूवर संशय घेणं सोपं असतं. ठाण्यात येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. मी स्टेशन डायरीला नोंद घातली आणि दुसऱ्या दिवशी सासू आणि सून दोघींना बोलावून घेतलं. मावशीही आल्या.

सून आली ती जागेपणी झोपलेली. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. तिच्या कडेवर लेकरू नव्हतं. ते सासूच्या कडेवर होतं, आणि आईकडे हात करून रडत होतं. आईला ते ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. मावशींनी ते पाहिलं आणि त्या थेट सासूच्या अंगावर धावल्या.

"काय घालती गं माझ्या लेकीला? बोल!"

"मी घालती? मी?" सासूचा आवाज चिरकला. "आगं, तिच्यासाठी मीबी अळनी खाती! तीन म्हैनं झालं, माझ्या जिभेला मीठ ठावं न्हाई. पायात गोळं येत्यात माझ्या. आन् मी घालती?"

दोघींना मी वेगळं बसवलं. आवाज मलाही चढवावा लागला. तो मला नेहमीच सहज चढवता येतो. मग सासूला पाणी दिलं आणि विचारलं, "हे अळणीचं काय?"

ती म्हणाली, बुवाचा नेमच तसा. तीर्थ घ्यायचं तर घरचं मीठ सोडायचं. भाजीत नाही, भाकरीत नाही, लोणचं-पापड तर बघायचंही नाही. एकटीने व्रत जड जातं म्हणून घरातल्या एकाने सोबत करायची. नवरा करीना, म्हणून सासूने केलं.

"आणि तीर्थाची चव कशी?"

"खारट. समुद्राचं हाय ना ते. बुवा म्हनत्यात, देवाचं मीठ खायचं तर घरचं मीठ सोडायचं."

मी मावशींकडे वळलो. "तुमच्याकडे असताना लेक अळणी जेवायची?"

मावशी घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आईच्या हातानं लेकीला बिनमिठाचं वाढवंल का साहेब? भाकरीवर लिंबाचं लोनचं देत हुते. सासूला सांगू नका."

सासू दोन हात पलीकडे बसली होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता पुन्हा भांडण पेटेल. पण ती खाली बघत राहिली आणि म्हणाली, "तरीच तिकडं बरी हुती."

बाजारात एक गोष्ट शिकलो. विकणाऱ्याची कहाणी मालापेक्षा गोड लागली, तर माल उलटा करून बघायचा. व्रत मोडल्यावर सून बरी होते आणि व्रत पाळल्यावर बिघडते, असं कुठल्या देवाचं तीर्थ असतं?

सुनेला मी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, आणि एक हवालदार व एक महिला शिपाई यांना नवरा-बायको बनवून त्या शेडवर. हवालदाराला सांगितलं, तू तापट नवरा. तो म्हणाला, "साहेब, ॲक्टिंग जमायची न्हाई." महिला शिपाई म्हणाली, "तुम्ही फक्त साहेबांसारखं वागा, जमंल." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ते तीर्थाची बाटली घेऊन आले. त्यांनी सांगितलेली दोन निरीक्षणं मात्र बाटलीपेक्षा मोलाची होती. पहिलं असं. शिंगणापूरच्या बाजूला घराला कडी-कुलूप नसणं हा अभिमानाचा भाग. ह्या बुवाने तेच पाहून पुढच्या खोलीला दार न लावता पडदा टांगलेला. भाविक खूश. पण मागच्या खोलीला लोखंडी दार, आणि त्याला कुलूप. देवावर भरवसा पुढच्या खोलीपुरता.

दुसरं निरीक्षण म्हणजे ऊस वाहणारा एक टेम्पोवाला. त्याच्या रागाला घरचे कंटाळले आणि त्यांनी त्याला तिथे आणला. तो शेडसमोर उभा राहून बुवालाच शिव्या घालत होता. आमच्या हवालदाराने त्याला चहाच्या टपरीवर बसवलं.

"डबल तीर्थ प्यालो," तो म्हणाला, "काय बी होईना! झोप न्हाई न् राग न्हाई गेला. उलट ह्यांचाच राग यायला लागलाय."

"अळणी पाळता का?"

"तर! घरी एकदम अळनी." त्याने खिशातून मूठभर खारे शेंगदाणे काढले. "टेम्पोत कोन बघतंय? सुक्या बोंबलाची चटनी हाय डब्यात, देऊ का?"

आता माझ्यापुढे तीन माणसं होती. सासू अळणी खाते, तीर्थ घेत नाही, पायात गोळे सोडले तर ठणठणीत. टेम्पोवाला तीर्थ दुप्पट घेतो, मीठ सोडत नाही, त्याचं काही वाकडं झालं नाही. सून दोन्ही करते, आणि ती बुडत चालली आहे. अर्थ लागत नव्हता, पण अर्थ आहे एवढं कळत होतं.

तो अर्थ ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी लावला. तरुण बाई, मनोविकारात शिकून आलेल्या. संध्याकाळी फोन आला. "साहेब, ही बाई तीन महिने मीठ खात नाही, असंच म्हणालात ना? आमचं मशीन उलटं सांगतंय. मिठातला जो क्लोराइडचा अंश, तो हिच्या रक्तात जास्त दिसतोय."

"मशीन बिघडलंय?"

"मशीन फसतंय. दुसरा एक पदार्थ असतो, मशीनला तो क्लोराइडसारखाच दिसतो. मला ब्रोमाइडचा संशय आहे. रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलंय."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आजची औषधं आली नव्हती तेव्हा मनोरुग्णालयांच्या औषधालयात ब्रोमाइडच्या मोठ्या बरण्या असायच्या. पाण्यात विरघळवून पाजायचं; माणूस शांत व्हायचा, झटके थांबायचे. चव खारट. पण ते शरीरात साठत जातं. साठलं की गुंगी, भ्रम, तोल जाणं, अंगावर फोड. म्हणून ते मागे पडलं. "आणि साहेब, ते शरीराबाहेर काढतं कोण, तर मीठ. मीठ भरपूर असलं की मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. मीठ बंद केलं की आतच राहतं."

मी फोन ठेवला आणि हवालदाराला हळू आवाजात औषध निरीक्षकांना फोन लावायला सांगितलं. हवालदार घाबरला. मी हळू बोललो की लोक जास्त घाबरतात.

शेडवर छापा घातला तो औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन. मागच्या खोलीत भरून ठेवलेल्या छोट्या बाटल्या मिळाल्या, त्या सील केल्या. पण मूळ साठा नव्हता. बुवाला ठाण्यात आणलं. साठीचा माणूस, पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर गंध, बोलणं मधात घोळलेलं. पूर्वी दवाखान्यात होतो म्हणाला, झाडलोट करायला. मी अडाणी सेवेकरी, एक साधू पाणी देऊन गेला, मी लोकांना वाटतो. अळणीही साधूनेच सांगितलं. साधू कुठे? साधू असतो का एका जागी, साहेब!

ह्यात पेच होता. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार. अहवालातून पाण्यात ब्रोमाइड आहे हे कळलं असतं. ह्याला ते माहीत होतं, हे नाही. अडाणी भक्त म्हणून हा सुटला असता. आणि रविवार जवळ आला होता. बैठकीत सून वेडी ठरली असती, तर लेकरू गेलंच होतं. सासू आता आमच्या बाजूने होती, पण तिच्या घरात तिचं ऐकतं कोण?

माझ्या समजुतीप्रमाणे चौकशी म्हणजे घासाघीस. समोरच्याला काय विकायचं आहे ते त्याला बोलू द्यायचं, आणि मग आपण इतकं वाईट गिऱ्हाईक व्हायचं की त्यानेच सौदा मोडावा.

दुपारी त्याच्यासमोर जेवायला बसलो. टेबलावर एक बाटली आणि स्टीलचा ग्लास. कॅन्टीनमधून पिठलं-भाकरी आली. मी ताट परत पाठवलं. "बिनमिठाचं आण."

बुवा बघत राहिला.

"असं बघता काय, बुवा? बायको म्हणते, तुमचा राग जात नाही. आजपासून धरलंय व्रत. सकाळी एक ग्लास घेतला, आता दुसरा." आणि मी ग्लास तोंडाला लावून निम्मा रिकामा केला. "खारट आहे. बरं, रोज किती घ्यायचं?"

तो हसला. "चेष्टा करता साहेब. एक टोपण असतं ते."

"एक टोपण? एवढ्या मोठ्या माणसाला एक टोपण परवडत नाही. रोज चार ग्लास धरू."

"चार... नाही नाही. एक टोपण."

"बरं, तुमचं नको माझं नको, तीन ग्लास. दोन महिने, कडक अळणी. तसं डॉक्टरांनी सांगितलंय, माझी किडनी जरा बरोबर नाही. पण तुमचा साधू मोठा, बघून घेईल."

अळणी पिठलं आलं. मी घास मोडला. त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळू लागलं होतं. मी पुन्हा ग्लास उचलला तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला.

"साहेब, मीठ सोडू नका! घेतलं असलं ते पाणी, तर मीठ जास्त खा. वरून पाणी प्या भरपूर."

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराचा पेन थांबला.

"हे झाडलोट करणाऱ्याला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

मग तो बोलला. पुढे बंद पडलेल्या एका मनोरुग्णालयाच्या औषधालयात तो वर्षानुवर्षं कंपाउंडर होता. तिथला जुना शिरस्ता होता, की ज्या वॉर्डात ब्रोमाइड जाईल तिथलं जेवण अळणी होता कामा नये. हे त्याला पाठ होतं. त्याने तोच नियम उलटा केला. का? तर बरण्या मोजक्या. त्या संपल्या की धंदा संपला. मीठ बंद केलं की दोन टोपणांचं काम अर्ध्या टोपणात होतं. "माल पुरवून वापरायचा होता साहेब," तो म्हणाला. "मारायचं नव्हतं कोणाला."

माझा हात उठला. तो मी टेबलावर आपटला. ग्लास उडून जमिनीवर, पाणी कंपाउंडरच्या धोतरावर. कॅन्टीनवाला धावत आला आणि म्हणाला, "साहेब, अजून मिठाचं पानी आणू का?"

कंपाउंडरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सील केलेला मुद्देमाल कोणी पितं का! बाटली कॅन्टीनची होती.

"म्हणजे तुम्ही मला फसवलं?" तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "आईनं बाजारात शिकवलंय."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. किंमत असते त्यानंतर तो पंचांसमोर काय काढून देतो त्याला. त्याने आम्हाला बेलापूरच्या बाजूला त्याच्या नातेवाइकाच्या गोठ्यावर नेलं. कडब्याखाली तपकिरी काचेच्या मोठ्या बरण्या. बुचंही काचेचीच, घासून बसवलेली, आणि चिठ्ठीवर शाईने औषधाचं नाव. ब्रोमाइडच्या सगळ्यात जास्त. एक क्लोरलची, झोपेच्या जुन्या औषधाची. आणि एक पॅराल्डिहाइडची. ती जरा झिरपत होती. वास असा, की गोठ्यातली म्हैस मागे सरली. आमच्या एका शिपायाने थेंब धरायला खाली चहाचा पातळ प्लॅस्टिकचा कप ठेवला, तर पंचनामा लिहून होईतो कपाचा तळ मऊ होऊन बसला. शिपाई म्हणाला, "साहेब, हे मानसाला देत हुते?" औषध निरीक्षक म्हणाले, "काचेच्या सिरिंजने. आणि त्या काळी दुसरं होतं काय?" हे मला पटलं. ती औषधं वाईट नव्हती. जाणत्या हातात, मीठ-भाकरीच्या हिशोबाने दिली, तर त्यांनी कितीतरी माणसांना शांत झोप दिली असेल.

रविवारच्या बैठकीला डॉक्टर मॅडमचं पत्र गेलं, आणि मी स्वतः साध्या कपड्यांत गेलो. मला फार बोलावं लागलं नाही. सासूच उभी राहिली. "येडी सून न्हाई, येडे आपन हाय. तिला इष पाजलं आपन, माझ्या हातानं. नात तिच्या आईपाशीच ऱ्हाईल." त्या घरात ती पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलली असावी, कारण तिच्या नवऱ्याने चहाची कपबशी तशीच धरून ठेवली होती. सुनेला रुग्णालयात सलाइन लावलं, मीठ सुरू झालं, आणि मूळ आजारावर योग्य ते औषधही. काही आठवड्यांनी मावशींच्या टोपलीशेजारी एक तरणी बाई बसलेली दिसली, मांडीवर लेकरू. मी लिंबांचा भाव विचारला. ती म्हणाली, "साहेब, तुमाला म्हनून सांगते, एक पैसा कमी न्हाई." मला इतकं बरं वाटलं, की मी सांगितलेला भाव देऊन टाकला. आयुष्यात तेवढं एकदाच.

कंपाउंडरला शिक्षा झाली. आता माझी स्वतःची लिंबाची बाग आहे, बायको मीठ मोजून वाढते, संध्याकाळी मुळा नदीच्या बाजूने चांगला वारा येतो. माझी तक्रार नाही. एक सोडून.

ह्या प्रकरणाने मला श्रद्धेवर हसायचं नाही हे शिकवलं. ती सासू सुनेसाठी तीन महिने अळणी जेवली. फसवणारा माणूस अशीच मायेची जागा हेरतो आणि तिथे आपली टोपली मांडतो. हे कळल्यापासून मी कोणाच्या नवसाची चेष्टा केली नाही. तो नवस सांगणाऱ्याच्या मागच्या खोलीला कुलूप आहे का, तेवढं बघतो.

आणि आता ती एक तक्रार. त्या बरण्या कंपाउंडरला मिळाल्या भंगारवाल्याकडून. भंगारवाल्याला मिळाल्या रुग्णालय बंद करताना, रिकामं काचसामान म्हणून. मी त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. गार खोली, मऊ खुर्ची. कारभारी म्हणाले, "आमच्या लेखी त्या रिकाम्या बरण्या होत्या." मी म्हटलं, "साहेब, भरलेली बरणी आणि रिकामी बरणी हमालाच्या कमरेलासुद्धा कळते." ते म्हणाले, वकिलांशी बोला. मी दोषारोपपत्रात त्यांचा भाग लिहिला. वरून सांगणं आलं, मूळ गुन्हा सिद्ध होतोय, विषय वाढवू नका. मी वाढवला. मग माझी बदली झाली, आणि तो भाग गळाला.

मी विसरलेलो नाही. विष ठरू शकेल असं औषध नष्ट करण्याची रीत आहे, त्यासाठी माणसं नेमलेली असतात. ती रीत कोणी टाळली? ट्रक फाटकातून बाहेर जाताना तिथे उभं कोण होतं? एका आईला आपल्या लेकराचं नाव आठवेना, ह्याचा अर्धा दोष त्या फाटकाशी आहे. कारभारी अजून हयात आहेत, संस्थेच्या समारंभात हार घालून घेतात, मी फोटो बघतो. मला त्यांच्याकडून माफी नको आणि नुकसानभरपाईही नको. त्यांनी बाजारच्या दिवशी राहुरीला यावं, त्या लिंबांच्या टोपलीसमोर उभं राहावं, आणि त्या बाईच्या तोंडावर सांगावं की बरण्या रिकाम्या होत्या. नाहीतर भरलेल्या होत्या, हे कबूल करावं. दोन्हींपैकी एक. इथे मी भाव कमी करणार नाही.